अकरा चाळीस ते बारा दहा

"घरी स्वयंपाक कोण करतं?" आहारतज्ज्ञ मुलीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेनाचं टोक तिच्याकडे वळवलं.

ती पिशवी मांडीवर घेऊन नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसली होती. बस डेपोच्या दवाखान्यात ड्रायव्हरबरोबर बायकोलाही बोलावलंय म्हटल्यावर तिला वाटलं होतं, चार पथ्यं सांगतील, कागद देतील, संपलं. इथे तर उलटतपासणीच सुरू झाली. तेल किती लागतं महिन्याला? जेवताना वरून मीठ घेता? तळण किती वेळा? भात आग्रह करकरून वाढता का? ती एकेक उत्तर देत गेली. नवऱ्याने एकदाही तोंड उघडलं नाही. सव्वीस वर्षं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बस चालवणारा, आरशात नुसतं बघून दारात लोंबकळणाऱ्यांना आत घ्यायला लावणारा हा माणूस भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत बसला होता.

मुलगी वाईट नव्हती. तिशीच्या आतली, डोळ्यांखाली काळं आलेली, सकाळपासून तिने असे किती ड्रायव्हर आणि किती बायका बघितल्या असतील कोण जाणे. समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "मावशी, शेवटी सगळं तुमच्याच हातात आहे. यांची तीन महिन्यांची साखर खूप वर गेलीये. परत तीन महिन्यांनी तपासू. तेव्हाही अशीच आली तर यांना गाडीवरून उतरवावं लागेल. नियम आहे तसा."

एवढं बोलून तिने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. टेबलाच्या अलीकडून ते उलटं दिसत होतं, पण उलटं वाचायची हिला सवय होती. शिवणाचं माप घेताना गिऱ्हाईकासमोर उभं राहून टेपवरचे आकडे रोज उलटेच वाचावे लागतात. 'कारण' असं छापलेल्या रकान्यात लिहिलं होतं : घरचा आहार अयोग्य.

तिच्या हातच्या जेवणाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. गल्लीत तिला टेलरबाई म्हणत, शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं; पण त्याहून जास्त बोलबाला तिच्या स्वयंपाकाचा. कोणाकडे आजारपण असलं की डबा हिच्याकडून जायचा. आणि आता सरकारी कागदावर शिक्का बसला, की ही बाई रोज दोन वेळा नवऱ्याला घासाघासाने मारतेय.

मग तिने जे मनावर घेतलं ते घेतलं. माप म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने छोटा वजनकाटा आणला आणि ओट्यावर ठेवला. भात एक वाटी, काठोकाठ नाही. डाळ घट्ट. भाजी दुप्पट, उकडलेलं अंडं, काकडीच्या चकत्या. गोड बंद, तळण बंद. डोळ्यांत तेल घालून ती तेल मोजत होती. मीठ चिमटीने नाही, चमच्याने, आणि तोही सपाट करून.

सासूबाईंनी आठवडाभर कळ काढली. आठव्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "अगं, मी कुठे बस चालवते? मला कशाला ही शिक्षा?" त्यांच्यासाठी वेगळी मीठदाणी ठेवली तर त्या ती पदराखाली लपवून लेकासमोर जेवायला बसायच्या. एरवी ती हसली असती. पण तेव्हा तिला हसू येत नव्हतं. कारण मनाच्या तळाशी तिला भीती बसली होती, की खरंच आपलाच हात सैल असेल. जुन्या कौतुकाचे शब्द आठवले की ते आता तक्रारीसारखे वाटायचे. 'काय चव आहे हो तुमच्या हाताला' म्हणजे नेमकं काय होतं? तेलच ना?

डबा मात्र रोज संध्याकाळी लख्ख रिकामा परत यायचा. पाण्याची बाटलीही रिकामी. त्यामुळे तीन महिन्यांनी दवाखान्यात जाताना तिची मान ताठ होती.

साखर आधीपेक्षा वाढली होती.

मुलीने रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाली, "घरी पाळलं जात नाही असं दिसतंय." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, आणि तो रागापेक्षा जास्त लागला. वर उपकार केल्यासारखी ती म्हणाली की डॉक्टरांना सांगून आणखी एक महिना मागून घेते. नवरा मूग गिळून बसला होता. या वेळी तर तो तक्ताही वाचत नव्हता, बुटांकडे बघत होता.

डेपोच्या फाटकाशी तिने त्याला गाठलं. "डबा खाता ना तुम्ही?"

"खातो की."

"सगळा?"

"सगळा."

"मग साखर कोणाची वाढली? माझी?"

त्याने घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. फाटकाशी उभं राहून ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि ते जिथे मुरत होतं ते याला ठाऊक होतं, एवढं तिला त्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नुसत्या चहावर घरातून निघाला. वीस मिनिटांनी ती निघाली. पाच चाळीसच्या पहिल्या गाडीत चढून ती ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली. नवऱ्याने आरशात तिला पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मागून घंटी वाजली. कंडक्टर जुना, घरी येऊन जेवून गेलेला. "वहिनी, तुमचं कसलं तिकीट?" म्हणाला. तिने पैसे पुढे केले आणि सांगितलं, "फाडा. दिवसभराचं फाडा." पिशवीतून तिने मापांची वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर वेळ लिहिली.

बस पहिल्या टोकाला पोचली तेव्हा सात मिनिटं थांबायचं होतं, पण पाच मिनिटं वाटेतच गेली होती. दोन मिनिटं उरली. टपरीवाल्याने न विचारता खिडकीतून चहाचा ग्लास आत दिला. तिने खाली उतरून टपरीवाल्याला विचारलं, साखर किती घालता? "ड्रायव्हरला तीन चमचे," तो म्हणाला, "बसल्या जागी झोप येते ना त्यांना." वर येऊन बघते तर नवरा शर्टाच्या खिशातून बिस्किटं काढून चहात बुडवत होता. तो खिसा तिनेच शिवला होता. नेहमीपेक्षा बोटभर मोठा हवा, असं त्याने सांगितलं होतं. कशाला ते तिने विचारलं नव्हतं.

अकरा वाजेपर्यंत असे चार चहा झाले. डबा सीटखाली होता. पाण्याच्या बाटलीचं झाकणही उघडलं नव्हतं. गर्दी थोडी ओसरली तेव्हा कंडक्टर तिच्याशेजारी टेकला. पाणी का पीत नाहीत हे, असं तिने विचारल्यावर तो जरा घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, की कुठल्याच टोकाला ड्रायव्हरसाठी मुतारी नाही. एकीकडे होती, ती पाडली, नवी बांधायची आहे, चार वर्षं झाली. त्यामुळे डेपोत येईपर्यंत कोणी पाणी पीत नाही. बाटली? ती संध्याकाळी धुण्याच्या नळावर ओतून देतात सगळे. घरी भरलेली नेली तर घरचे विचारतात.

तिने वहीत लिहिलं : पाणी नाही. इतकी वर्षं रोज पहाटे ती ही बाटली भरत होती, उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळून.

जेवणाची सुट्टी अकरा चाळीस ते बारा दहा होती. कंडक्टरने खिशातला ड्यूटीचा कागद उघडून दाखवला, त्यावर तसं छापलेलं होतं. बस डेपोत शिरली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. नवरा उतरला आणि जवळजवळ धावतच अंगणापलीकडे गेला. तिथे रांग होती. तो परत आला तेव्हा बारा अकरा झाले होते आणि कंट्रोलरची शिट्टी वाजत होती. डबा होता तिथेच राहिला. त्याने पाचवा चहा घेतला, खिशातलं बिस्किट तोंडात टाकलं आणि गाडी काढली.

डबा उघडला तीन पन्नासला, दुसऱ्या टोकाला. तोही पुढची बस बंद पडून रांग अडकली म्हणून. "आज लवकर झालं जेवण," कंडक्टर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

नवरा सीटवरून उठलाही नाही. इंजिन चालू, एक डोळा आरशावर. त्याने डब्याचे तिन्ही पुडे एकात एक उलटले, डाळ, भात, भाजी, अंडं, काकडी, सगळं कालवलं आणि चमच्याने तोंडात भरायला लागला. खड्ड्यात खडी भरावी तसं. चावायला सवड नव्हती. दहा तासांत काकडी मऊ पडून तिला वास यायला लागला होता, तीही गेली. तिने घड्याळ लावून बघितलं, साडेचार मिनिटं. याच डब्यासाठी ती तीन महिने काट्यावर भात तोलत होती.

ती उठून त्याच्या सीटशी गेली. "भाजी कसली होती?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या डब्यात पाहिलं.



सकाळपासून तिच्या अंगात जे तापत होतं ते आता उकळलं. पण मागे माणसं चढत होती, म्हणून ती दबक्या आवाजात बोलली. "तिथे का नाही बोललात? दोनदा गेलो आपण. दोनदा त्या पोरीने मला उभं केलं. तुम्ही गप्प."

"बोलून काय होतं? आमच्यातला एकजण बोलला होता. त्याला सहा महिने शेवटची गाडी लावली."

"आणि मला? मला काय लावलंत तुम्ही?"

त्याने काचेतून पुढच्या बंद बसकडे बघितलं. मग म्हणाला, "खरं सांगू? ती डब्याचं बोलली तेव्हा मला बरंच वाटलं. डबा बदलता येतो. ड्यूटी कोण बदलणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिला सकाळीच कळलं होतं. पण दोर हातात आणून देणारा घरचाच होता. ती आपल्या बाकावर जाऊन बसली. डेपो येईपर्यंत तिने आरशाकडे पाहिलं नाही.

डेपोत उतरून ती सरळ ड्यूट्या लावणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी आधी तिला प्रवासी समजून बाहेरची खिडकी दाखवली. कोणाची कोण ते कळल्यावर बसायला सांगितलं, तक्ता काढला, त्यावर बोट ठेवलं. अकरा चाळीस ते बारा दहा, पूर्ण तीस मिनिटं, छापील. मग तिने आपली वही त्या तक्त्यावर ठेवली. साहेबांनी ती वाचली आणि रस्त्यावरची गर्दी काय आपण लावतो का, असं विचारलं. नाही, ती म्हणाली, पण गाडी उशिरा आली तर उशिरा सोडा. साहेब हसले. मग मागच्या गाडीचं काय, माणसं खोळंबतील त्यांचं काय, वरून मला विचारतील त्यांना मी काय सांगू, एकामागून एक त्यांनी ऐकवलं. शेवटी म्हणाले, "बाई, कागदावर सुट्टी आहे. ती घेतली नाही हा त्यांचा प्रश्न."

"साहेब, मी कपडे शिवते," ती म्हणाली. "कागदावर कापलेलं माप अंगावर बसलं नाही, तर तुमचं अंग चुकलं असं मी गिऱ्हाईकाला सांगत नाही. उसवते आणि परत शिवते."

साहेबांचं हसू मावळलं. लेखी द्या, म्हणाले. तिने तिथेच बसून लेखी दिलं.

तिथून ती दवाखान्यात गेली तेव्हा आहारतज्ज्ञ मुलगी पर्स आवरून निघायच्या बेतात होती. टेबलावर अर्धा खाल्लेला पाव कागदात गुंडाळून ठेवलेला होता, दुपारचा असावा. मुलीने वही वाचली. पाचवा चहा, पाणी नाही, तीन पन्नास, साडेचार मिनिटं. दुसऱ्यांदा वाचली. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, की फॉर्ममध्ये या गोष्टीला रकानाच नाही. काय खाता आणि किती खाता, एवढंच तिला विचारायचं असतं. कधी खाता हे आहे, पण तिथे सगळे बारा वाजता असंच सांगतात.

"मग 'घरचा' हा शब्द खोडा," ती म्हणाली.

"तो कागद वर गेला, मावशी. आता नाही खोडता येत."

"माझं नाव लावताना हात अडला नव्हता."

मुलीचे कान लाल झाले. तिने नवा कागद घेतला आणि हाताने लिहिलं, की ड्यूटीमुळे जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत, पुरेसं पाणी पिता येत नाही, आहारात दोष आढळला नाही. 'ड्यूटीमुळे' या शब्दापाशी तिचं पेन क्षणभर थांबलं होतं. सही करून ती म्हणाली, "हे वाचून वरचे काय करतील, ते मी सांगू शकत नाही."

वरच्यांनी दहा दिवसांत दोन गोष्टी केल्या. ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत मोठं रंगीत पोस्टर लागलं : फळांनी भरलेली ताटली, हसणारं कुटुंब, आणि खाली ठळक अक्षरांत, 'वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या'. आणि नवऱ्याच्या हातात पत्र पडलं. ड्यूटी प्रकृतीला मानवत नसल्याचा अभिप्राय आल्यामुळे त्याला गाडीवरून काढून गाड्या धुण्याच्या कामावर नेमण्यात येत होतं. सुट्टी तीस मिनिटं होती तीच राहिली, गाड्या येत होत्या तशाच येत राहिल्या. त्या गाडीवर दुसरा माणूस बसला.

पत्र वाचून ती शिलाई मशीनवर बसली आणि कोणाच्या तरी गणवेशाची बाही उलटी जोडली. उसवली, परत उलटी जोडली. तिच्याच वहीने त्याला खाली उतरवलं होतं. आपण गप्प बसलो असतो तर आणखी महिनाभर तरी तो चाकाशी असता, हे तिला कळत होतं. मग काय झालं असतं, तेही कळत होतं. राग काढायला नेमकं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांवर निघाला. सासूबाईंनी मीठ मागितलं तर तिने पूर्ण बरणी त्यांच्यापुढे आपटली. नवऱ्याने मात्र तिला एका शब्दाने दोष दिला नाही. तो नुसता एकदा म्हणाला, "माझ्याच्याने बोलणं झालं नसतं." हे आभार होते की तक्रार, ते तिला ठरवता आलं नाही.

धुण्याच्या जागेवर एकची घंटा होते आणि नळ बंद होतात. त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला हाक मारत नाही. नवरा बाकावर बसून जेवायला लागला, भरपूर पाणी प्यायला लागला. चहा दोनवर आला. खिशातली बिस्किटं केव्हा सुटली ते त्यालाही कळलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर न विचारता सांगायचा, आज भोपळा छान झाला होता, कालची वांगी जरा कडवट होती. ती मशीनवरून मान वर न करता ऐकायची. सव्वीस वर्षांत कधी न मिळालेलं हे बोलणं ऐकताना तिला बरं वाटायला हवं होतं.

तीन महिन्यांनी साखर उतरली. चांगली उतरली. मुलीने आनंदाने रिपोर्ट दाखवला आणि फॉर्म पुढे सरकवला. 'आहारात सुधारणा. पत्नीचे सहकार्य उत्तम.' खाली तिची सही हवी होती.

"हे वरून छापूनच येतं," मुलगी घाईने म्हणाली. "दोनच पर्याय असतात."

"डबा तोच आहे," ती म्हणाली. "वजनकाटा मी कधीच माळ्यावर टाकला. पहिल्यापासून जसं करत होते तसंच करते. तुमचा कागद काही म्हणो, मी तेव्हा गुन्हेगार नव्हते आणि आता गुणीही नाही."

तिने सही केली नाही. मुलीनेही दुसऱ्यांदा मागितली नाही. फॉर्म तसाच फाईलमध्ये सरकवला, सहीची जागा कोरी ठेवून.

दवाखान्यातून निघाल्यावर ती अंगणातून धुण्याच्या जागेकडे गेली, नवऱ्याला आकडा सांगायला. तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, पाण्याचा पाइप हातात धरून उभा होता. एक बस पुढून धुवून झाली होती. मागची बाजू धुवायला तिला वीसेक पावलं पुढे घ्यायला हवी होती. चावी गाडीतच होती. तरी तो थांबला होता. गाडीवरून काढलेल्या माणसाने गाडी जागची हलवायची नाही, अंगणातही नाही, असा नियम होता. बऱ्याच वेळाने एक ड्रायव्हर दात कोरत आला, याला 'काय म्हणता' म्हणाला, वर चढला आणि इंजिन चालू केलं.

बस पुढे सरकली. नवऱ्याने पाइप बाजूला धरला होता. भिंत जवळ आली तसा रबरी बुटातला त्याचा उजवा पाय ओल्या फरशीवर हळूच दाबला गेला, आणि बस थांबेपर्यंत तसाच दाबलेला राहिला.